पिक्चरमध्ये जाहिरात आली की आपण वैतागतो, पण देशाचा पहिला पिक्चर एका जाहिरातीमुळेच उभा राहिला होता

जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलेला माणूस रात्री दोनच गोष्टी करतो. एकतर अंधारात उभा राहून झाडं लुकलुकताना बघतो, नाहीतर शेंडी गावातल्या खोलीवर परत येऊन मोबाईलला रेंज शोधतो.

आम्ही दोन्ही केलं. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मामांचा नातू मोबाईलवर रंधा धबधब्याचा व्हिडिओ दाखवत होता. रेंज एक दांडी. व्हिडिओ दर पाच सेकंदांनी अडकायचा आणि गोल चक्री फिरायची. मग मध्येच जाहिरात आली आणि ती मात्र एकदाही न अडकता, स्वच्छ, खणखणीत आवाजात पूर्ण चालली. जाहिरात संपली, पुन्हा गोल चक्री. पोराने मोबाईल पालथा घातला आणि सरळ झोपायला गेला.

हा अनुभव तुम्हालाही आला असणार. आता गंमत बघा. हाच पोरगा दुपारी एका थंड पेयाची जुनी जाहिरात मुद्दाम शोधून, परत परत लावून, हसत बसला होता. म्हणजे त्याचं जाहिरातीशी भांडण नव्हतं. मग भांडण नेमकं कशाशी होतं?

याचं उत्तर शोधायला भंडारदऱ्यापासून फार लांब जावं लागत नाही. कळसूबाईच्या पलीकडे उतरलं की नाशिक जिल्हा लागतो आणि त्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरात ३० एप्रिल १८७० रोजी एक मुलगा जन्मला होता. धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना दादासाहेब म्हणतो आणि भारतीय सिनेमाचे जनक म्हणून दरवर्षी त्यांच्या नावाचा पुरस्कार कुणाला मिळाला याची बातमी वाचतो. पण लोकांना चित्र कसं दाखवायचं, त्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे आणि बघणारा कधी खूश होतो, कधी चिडतो, या सगळ्या प्रश्नांना या देशात सुरुवातीच्या काळात भिडलेला माणूस म्हणूनही फाळकेंकडे बघायला पाहिजे.

घर शास्त्री-पंडितांचं. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान, पोरानेही शास्त्री व्हावं अशीच रीत. पण धुंडिराजचा हात चित्रावर चालायचा. वडिलांना शिकवण्यासाठी मुंबईत बोलावणं आलं, कुटुंब मुंबईला गेलं आणि १८८५ मध्ये पोरगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे मोठ्या भावासोबत बडोद्याला, तिथल्या कलाभवनात. कलाभवनच्या गज्जर सरांनी फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. तेलरंग, फोटोग्राफी, साचेकाम, छपाई, जे दिसेल ते हा गडी शिकत गेला.

शिकणं वेगळं आणि पोट भरणं वेगळं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. त्याच काळात प्लेगची साथ आली आणि पहिली बायको आणि मूल दोघंही गेले. बडोद्यात परत स्टुडिओ टाकला, तर फोटो काढला की कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी होतं अशी अफवा उठली. गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि स्वतःचे प्रयोग लावले. त्यासाठी नाव घेतलं प्रोफेसर केल्फा. फाळके हे नाव उलटं वाचा, केल्फा होतं.

हसू येतं खरं, पण जादूच्या खेळात एक गोष्ट पक्की शिकायला मिळते. बघणाऱ्याची नजर कुठे न्यायची आणि कधी न्यायची. कबूतर निघायच्या क्षणी जर जादूगार थांबला आणि दंतमंजन विकायला लागला, तर लोक खुर्च्या फेकतील. तेच दंतमंजन त्याने खेळ सुरू व्हायच्या आधी विकलं तर कुणी काही म्हणत नाही, उलट चार जण विकतही घेतील. आठवडी बाजारात डमरू वाजवून खेळ करणारे लोक हे फाळकेंच्या कितीतरी आधीपासून जाणून होते.

१९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. गिरिजा करंदीकर फाळकेंच्या घरी येऊन सरस्वतीबाई झाल्या. त्यांची गोष्ट पुढे येणारच आहे. वर्षभरात फाळकेंना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशाकाराची नोकरी लागली. सरकारी नोकरी, महिन्याचा पगार. पण वारं स्वदेशीचं होतं, म्हणून ती सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा धंदा सुरू केला. तिथे जवळच मळवलीला राजा रविवर्मांनी काढलेला छापखाना होता. त्याच्यासाठीही फाळकेंनी काम केलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्या विषयाचं एक मूळ इथे आहे.

रविवर्मांच्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती घराघरांत पोचल्या त्या या छापखान्यामुळे. पण छापखाना कर्जात गेला आणि फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. त्याच्या हाताखाली देवादिकांच्या चित्रांबरोबर जाहिराती आणि मालाची लेबलं छापण्याचं कामही वाढलं. साबण, औषधं आणि काडेपेट्यांवर देव आले आणि देवांच्या चित्राखाली कंपनीचं नाव आलं.

आता विचार करा, लोक रागावले का? तर नाही. तेच चित्र लोकांनी भिंतीवर लावलं, उदबत्ती ओवाळली आणि खाली साबणाचं नाव आहे म्हणून कुणी ते फाडलं नाही. आजही वाण्याने दिलेलं कॅलेंडर आपण वर्षभर भिंतीवर ठेवतोच की. त्यात लक्ष्मी आहे, तिथी आहेत, एकादशी कधी ते कळतं. खाली दुकानाचा फोन नंबर असतो, तो डोळ्याला टोचत नाही. आपल्याला काहीतरी फुकट मिळालंय आणि देणाऱ्याने कोपऱ्यात आपलं नाव घातलंय, हा सौदा आपल्याला मान्य असतो. तेच कॅलेंडर जर भिंतीवरून उतरून दर अर्ध्या तासाने तुमच्या तोंडासमोर येऊन उभं राहिलं असतं, तर पंचांग गेलं उडत म्हणून आपण ते चुलीत घातलं असतं.

चित्राचं हे बळ फाळकेंनी छापखान्यात जवळून बघितलं. पुढे छापखाना दादरला हलवला, नाव ठेवलं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालला, मग भागीदारांशी बिनसलं. फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळिशीच्या पुढे, घरात बायको-पोरं आणि खिशात काही नाही.

अशा अवस्थेत १९११ च्या एप्रिलमध्ये ते गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. ईस्टरचे दिवस होते आणि पडद्यावर येशू ख्रिस्ताचं चरित्र चाललं होतं. समोर ख्रिस्त आणि फाळकेंच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. दुसऱ्या खेपेला सरस्वतीबाईंना सोबत नेलं. आपले देव असे पडद्यावर कधी दिसणार, या एका विचाराने त्यांना घेरलं. पुढचे कित्येक महिने मिळतील ते सिनेमे बघितले, घरी प्रयोग केले, डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांनी उपचार केले, चष्मे लागले, नजर परत आली.

(याच सुमारास अलीकडे भंडारदऱ्यात प्रवरा अडवायचं काम सुरू झालं होतं. १९१० मध्ये सुरुवात आणि १९२६ मध्ये धरण पूर्ण. फाळकेंची जी भरभराटीची वर्षं, तीच या धरणाचे दगड रचण्याची वर्षं. धरणाला सरकारचा खजिना होता. फाळकेंना कोण होतं, ते आता बघू.)

विम्याच्या पॉलिसी होत्या. त्या गहाण टाकून पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. बायोस्कोप नावाच्या सिनेमाविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबॉर्न यांना भेटले. त्यांनी आधी या धंद्यात पडू नका असंच समजावलं, आणि मग माणूस ऐकत नाही म्हटल्यावर सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेऊन सगळं दाखवलं. फाळकेंनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्च्या फिल्मची आणि त्या फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राची ऑर्डर दिली आणि एप्रिलमध्ये परत आले.

कॅमेरा आला, पैसे संपले. सावकाराकडे जाऊन काय सांगणार? मला हरिश्चंद्राची हलती चित्रं काढायची आहेत? कोण पैसे देईल?

फाळकेंनी एक कुंडी घेतली. तिच्यात वाटाण्याचं बी पेरलं, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर रोज थोडी थोडी फिल्म चित्रित करत राहिले. तयार झाला तो जेमतेम एका मिनिटाचा चित्रपट, 'अंकुराची वाढ'. मातीतून कोंब वर येतो, पानं फुटतात, वेल वाढतो आणि हे सगळं एका मिनिटात, डोळ्यांसमोर. ओळखीच्या लोकांना बोलावून तो दाखवला. बघणारे थक्क झाले आणि यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी पैसे द्यायची तयारी दाखवली.

सरळ भाषेत बोलायचं तर 'अंकुराची वाढ' ही जाहिरात होती. फाळके स्वतःचं कसब विकत होते. पण ती बघताना कुणालाही आपल्याला काहीतरी विकलं जातंय असं वाटलं नाही, कारण ते एक मिनिट स्वतःच बघण्यासारखं होतं. जाहिरात काढून टाकली तर मागे काही उरतं का, ही माझी कसोटी. वाटाण्याच्या वेलाच्या बाबतीत अख्खा वेल उरतो. शेंडीतला पोरगा थंड पेयाची जाहिरात पुन्हा पुन्हा बघत होता तेही यामुळेच. पेय त्याला नको होतं, त्यातला विनोद हवा होता.

पैसे तरीही पुरले नाहीत. सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. नुसते दागिने दिले असं म्हणून त्यांचं काम संपत नाही. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं, आणि वर साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक, हे सगळं त्यांनी केलं. पहिल्या भारतीय सिनेमाची निर्मिती संस्था म्हणजे दादरच्या बंगल्यातलं एक चालतं घर होतं आणि ते घर ही बाई चालवत होती.

नटांसाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पुरुष मिळाले, तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके सापडले. महिन्याला दहा रुपये मिळायचे, फाळकेंनी पंधरा देऊ केले आणि खाणावळीचा स्वयंपाकी हरिश्चंद्राची राणी झाला. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके आणि रोहिदास झाला फाळकेंचाच मुलगा भालचंद्र.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला.

आता या खेळाची रचना ऐका. नुसता हरिश्चंद्र नव्हता. सोबत आयरीन डेल्मार या बाईंचा नाच, मॅक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर आणि काही विनोदी फिती. सगळं मिळून दीड तास आणि तिकीट नेहमीच्या दुप्पट. म्हणजे सत्यवचनी राजाची गोष्ट बघायला आलेल्या माणसाने आधी पायाने कसरत करणारा साहेब बघायचा. तरी लोक चिडले नाहीत. कारण आपण काय बघायला चाललोय हे त्यांना आधीच छापून सांगितलेलं होतं. शिवाय हरिश्चंद्र राज्य दान करत असताना मध्येच अलेक्झांडर येऊन पाय हलवत नव्हता. त्याची वेळ वेगळी, हरिश्चंद्राची वेगळी.

मुंबईत पिक्चर चालला. मुंबईबाहेर वेगळीच अडचण आली. तेव्हा संगीत नाटक रात्रभर, पाच-सहा तास चालायचं. तेवढ्याच पैशात तास-दीड तासाची मुकी चित्रं बघायला कोण येणार? सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. थिएटरवाल्याचं म्हणणं, एकतर पिक्चर लांब करा नाहीतर तिकीट कमी करा. फाळकेंनी दोन्ही केलं नाही, नवी जाहिरात छापली. तिचा आशय असा की फक्त तीन आण्यात सत्तावन्न हजार छायाचित्रं बघायला मिळतील आणि ते चित्र दोन मैल लांब आहे.

गर्दी लोटली.

आता या जाहिरातीचा हिशोब करून बघू. 'राजा हरिश्चंद्र' होता ३,७०० फूट लांब. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात. गुणाकार केला तर ५९,२०० येतात. म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा खरा, उलट थोडा कमीच सांगितलेला. पण लांबी? दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही नाही. हरिश्चंद्रासारख्या खरं बोलणाऱ्या राजाच्या पिक्चरसाठी ही थाप जरा मोठीच होती! पण एकाही माणसाने पट्टी घेऊन फिल्म मोजली नाही, कारण आत गेल्यावर त्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. माणसाला तीन आण्यांची फिकीर नव्हती, फसवले जाण्याची होती. वेळाची किंमत त्याच्या मनात ठरलेली असते आणि ती सेकंदांत मोजलेली नसते.

त्याच वर्षी फाळकेंनी बस्तान नाशिकला हलवलं. 'मोहिनी भस्मासुर' आला आणि त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी काम केलं. बाईच्या भूमिकेत बाई दिसली. मग 'सत्यवान सावित्री'. मोठ्या पिक्चरसोबत दाखवायला छोट्या फितीही फाळके बनवत गेले. काडेपेटीतल्या काड्या हलवून केलेली 'आगकाड्यांची मौज' त्यातलीच. तळेगावच्या काच कारखान्याचंही चित्रीकरण केलं. आज अशा व्हिडिओला कंपनीचा प्रचार म्हणतात आणि खाली चार जण शिव्या घालतात. पण तो कारखाना पैसा फंडाचा, एकेका पैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला. तिथे काच फुगताना बघणं म्हणजे आपणच दिलेल्या पैशाचं काय झालं ते बघणं होतं.

१९१४ मध्ये फाळके तिन्ही पिक्चर घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या लोकांनी वाखाणले, हेपवर्थ यांनी तिथेच राहून काम करायचा प्रस्ताव दिला. फाळकेंनी नाही म्हटलं. नाशिकला माणसं पगाराची वाट बघत बसली होती. त्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. कच्च्या फिल्मची टंचाई, पैसे लावणारे गायब, घरात कर्ज. सरस्वतीबाईंचे उरलेसुरले दागिनेही गेले.

या दिवसांत त्यांनी पुन्हा वाटाण्याच्या वेलाचीच युक्ती वापरली. 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची फीत केली. तिच्यात फाळके स्वतः दिसतात, नटांना शिकवताना, फिल्म तपासताना, कापताना. तिचा तुकडा आजही शिल्लक आहे. आज मेकिंग या नावाखाली जे व्हिडिओ येतात, त्यांचा हा पणजोबा. हीसुद्धा जाहिरातच. पण जादूगाराने आपली युक्ती उघडी करून दाखवली तर कोण नाही बघणार?

आणि मग १९१७ ला 'लंका दहन' आला. साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. मारुतीने लंका पेटवली आणि लोक वेडे झाले. गिरगावात सकाळी सातपासून खेळ सुरू व्हायचे, पुण्यात गर्दीने थिएटरचं दार मोडलं. गल्ल्याची चिल्लर पोत्यात भरून, बैलगाडीत घालून, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागायची असं सांगतात.

या बैलगाडीकडे जरा नीट बघा. तिच्यातला एकेक आणा बघणाऱ्याने स्वतःच्या खिशातून दिलेला होता. साबण कंपनीचा एक पैसाही त्यात नव्हता. फाळकेंचा हिशोब सरळ होता. ज्याला बघायचंय त्याने पैसे द्यायचे, आणि पैसे दिल्यावर पडदा त्याचा.

पण असा हिशोब चालवायला प्रत्येक पिक्चर 'लंका दहन' व्हावा लागतो. एक पडला की संपलं. म्हणून १९१८ मध्ये फाळकेंनी भांडवलदारांसोबत हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. 'श्रीकृष्ण जन्म' गाजला, १९१९ चा 'कालिया मर्दन' गाजला. या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली होती फाळकेंची लेक मंदाकिनी, वय वर्षं सात. पिक्चरची सुरुवातच मोठी मजेशीर आहे. गोष्ट सुरू व्हायच्या आधी मंदाकिनीचा नुसता चेहरा येतो. राग, हसू, आश्चर्य, रुसवा असे एकामागून एक भाव ती करून दाखवते आणि मग कृष्णाच्या वेषात दिसते. बाप पोरीची जाहिरात करतोय, पण गोष्ट सुरू व्हायच्या आधी. एकदा कृष्ण यमुनेत उडी घेतो, त्यानंतर मध्ये काहीही येत नाही.

भांडवलदार आले तसा हिशोबही आला. फाळके खर्चाकडे न बघणारे, भागीदार फक्त खर्चाकडे बघणारे. खटके उडाले आणि फाळके सगळं सोडून काशीला निघून गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. १९२२ मध्ये परतले, पण कंपनीत आता ते मालक कमी आणि पगारी दिग्दर्शक जास्त होते. मग बोलपट आला. 'सेतुबंधन' मुका बनवला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. कंपनी बंद पडली. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा पिक्चर. पाऊणशेच्या दिशेने निघालेला माणूस पहिल्यांदा आवाजासकट पिक्चर करत होता.

एकूण नव्वदच्या वर चित्रपट आणि पंचवीसेक लघुपट. आणि शेवटी हातात काय? १९३९ मध्ये भारतीय सिनेमाचा रौप्यमहोत्सव झाला. तोवर फाळके जवळपास विस्मरणात गेले होते. व्ही. शांतारामांनी पुढाकार घेतला, सिनेमावाल्यांकडून पैसे जमवले आणि त्या पैशातून नाशिकला डोक्यावर छप्पर आलं. ज्याच्या गल्ल्याला बैलगाडी लागायची, त्याच्या म्हातारपणाच्या घराला वर्गणी लागली.

फाळकेंच्या आयुष्याचं शेवटचं वर्ष आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. दुसरं महायुद्ध चाललं होतं. १९४३ मध्ये इंग्रज सरकारने हुकूम काढला की प्रत्येक थिएटरने प्रत्येक खेळात सरकारने मान्य केलेल्या माहितीपटाचा आणि बातमीपटाचा ठरावीक भाग दाखवलाच पाहिजे. वर त्याचं भाडंही थिएटरवाल्यानेच भरायचं. म्हणजे तिकीट काढून आलेल्या माणसाला पहिल्यांदाच कायद्याने असं काही बघायला लावलं, जे त्याने मागितलं नव्हतं. स्वातंत्र्य मिळालं, १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आलं आणि सक्ती नव्या नावाने चालू राहिली. त्यातले काही माहितीपट खरंच उत्तम होते. पण आपल्या आधीच्या पिढीला विचारा, ते लागले की लोक काय करायचे. बाहेर जाऊन बिडी ओढायचे. चांगलं असूनही नकोसं झालं, कारण ते आपण निवडलेलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये दादासाहेब गेले.

त्यानंतर पैसे देणारे बदलत गेले. यात्रेतल्या तंबू थिएटरात पडद्यावर काचेच्या स्लाइडी यायच्या, गावातलं साडीचं दुकान, तपकीर, विडी. तेव्हा लोक शेंगा सोलत बसायचे आणि ओळखीच्या दुकानदाराचं नाव आलं की शिट्टी मारायचे. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. १९८४ ला 'हम लोग' आणि 'ये जो है जिंदगी' प्रायोजकांच्या पैशावर चालल्या आणि जाहिरातींची गाणी पोरांना शाळेतल्या कवितांपेक्षा पाठ झाली. तोपर्यंत राग असा नव्हता. कारण घरातल्या टीव्हीला तिकीट नव्हतं आणि जाहिरात तिच्या जागेवर यायची.

राग आला तो सौदा मोडल्यावर. तिकीटही घ्यायचं आणि जाहिरातीही दाखवायच्या, हा मोडलेला सौदा. २०२५ मध्ये बेंगळुरूत एका प्रेक्षकाने ग्राहक आयोगाकडून भरपाईचा निकाल मिळवला. पिक्चरची वेळ तिकिटावर एक छापली आणि त्या वेळेपासून पंचवीस मिनिटं जाहिराती चालवल्या, अशी त्याची तक्रार होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढे त्या निकालाला स्थगिती दिली, पण देशभरातल्या लोकांनी ती बातमी शेअर केली ती आपलीच फिर्याद कुणीतरी मांडली म्हणून. आता महिन्याचे पैसे भरूनही ओटीटीवर जाहिराती दिसतात. जास्त पैसे भरा, मग जाहिरात काढतो, म्हणजे जाहिरात हाच तगादा झाला.

दुसरी बाजूही आहे, आणि ती फाळकेंच्या घरात दिसते. बघणाऱ्याने दिलेल्या पैशावरच सगळं चालवायचं म्हटलं की सरस्वतीबाईंचे दागिने जातात. आज भंडारदऱ्यातला एखादा पोरगा रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचा व्हिडिओ टाकतो, त्याला बघणारा एक रुपया देत नाही. त्याचे जे काही चार पैसे येतात, ते त्याच जाहिरातीतून, जी लागली की आपण वैतागून मोबाईल पालथा घालतो. त्याला विमा गहाण टाकावा लागत नाही, हे काही कमी नाही. फक्त ती जाहिरात कुठे कापून घुसवायची हे अनेकदा त्या पोराच्या हातात नसतं. कबूतर कधी उडणार आहे हे मशीनला कुठे माहीत?

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणाच्या भिंतीजवळ रेंज बरी होती. मामांच्या नातवाला 'कालिया मर्दन' लावून दिला. शंभर वर्षं जुना, काळा-पांढरा, मुका पिक्चर, याला काय आवडणार असं वाटत होतं. मंदाकिनीचे चेहरे बघून तो हसला आणि स्वतःही तसेच चेहरे करायला लागला. मग गोकुळ आलं, लोणी चोरणं आलं. कृष्ण यमुनेच्या काठच्या झाडावर चढला, खाली पाणी, पाण्यात कालिया. पोराने मोबाईल डोळ्यांजवळ ओढला.

आणि तिथेच जाहिरात लागली. एका गेमची होती, पाच सेकंदांनी पुढे ढकलता येणारी. त्याचा अंगठा आधीपासूनच त्या कोपऱ्यावर ठेवलेला होता.